शोभा फळ्यांची, भार तारांवर

पुण्यात छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानकापासून मुठा ओलांडून पेठांकडे जाणाऱ्या, तारांनी तोललेल्या पादचारी पुलाची रचना नगराच्या सौंदर्यात भर घालणारी आहे. लाकडी पुलाचे शहर इथवर आले, हे निश्चितच भूषणावह होय. मात्र अशा पुलाचे प्राण त्याच्या तारांत असतात, याचे विस्मरण होता कामा नये.

गुजरातमधील मोरबीचा झुलता पूल हा एकोणिसाव्या शतकातील संस्थानी वैभवाचा मानबिंदू. डागडुजीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी तो पुन्हा खुला झाला आणि ३० ऑक्टोबरला कोसळला. १३५ जणांचा बळी गेला. विशेष तपास पथकाला काय आढळले? मुख्य दोरखंडातील ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियम आले, दोरखंड तेच राहिले. डोळ्यांत भरणारे तेवढे बदलले. भार वाहणारे दुर्लक्षित राहिले.

हे दूरचे उदाहरण म्हणावे, तर आपल्याच जिल्ह्यात कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघे दगावले.

उद्घाटनाची कोनशिला प्रत्येक पुलावर असते. तिच्याशेजारी शेवटच्या तपासणीची तारीख, तपासणाऱ्या अभियंत्याचे नाव आणि एका वेळी किती माणसांना प्रवेश, हे सांगणारा फलकही असावा. तो मागणे हे जागरूक नागरिकांचे कर्तव्य आहे. पूल बांधणे हा पराक्रम असेल; तो राखणे हा संस्कार आहे.