नोंदवहीतील सत्य आणि सत्तेची गुप्तता

ऑक्टोबर २००१ मध्ये एका रात्री कराचीच्या विमानतळावर पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी एका येमेनी विद्यार्थ्याला अमेरिकनांच्या स्वाधीन केले. त्यापूर्वी प्रत्यर्पणाची कोणतीही कायदेशीर कार्यवाही झालेली नव्हती. 'द न्यूज' या पाकिस्तानी दैनिकाने ही बातमी दिली, तेव्हा त्याला घेऊन गेलेल्या छोट्या जेट विमानाच्या शेपटीवरील नोंदणीक्रमांकही छापला : एन ३७९ पी. अमेरिकेच्या 'सीआयए' या गुप्तहेर संघटनेने चालविलेल्या अपहरणसत्राचा उलगडा ज्या क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलांमुळे झाला, त्यांत या क्रमांकाचे स्थान फार वरचे आहे.

विमानतळाच्या कुंपणाबाहेर दुर्बीण आणि वही घेऊन उभे राहायचे, येणाऱ्याजाणाऱ्या विमानांचे क्रमांक टिपायचे, छायाचित्रे काढायची, हा युरोपात अनेकांचा जुना छंद आहे. या छांदिष्टांना राजकारणाशी काही कर्तव्य असतेच असे नाही. परंतु आयर्लंडमधील शॅनन, स्कॉटलंडमधील प्रेस्टविक, स्पेनमधील पाल्मा या विमानतळांवर त्यांनी केलेल्या नोंदी पत्रकारांनी आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांनी एकत्र जुळविल्या, तेव्हा तीच ती विमाने पुन्हा पुन्हा दिसू लागली. १८ डिसेंबर २००१ रोजी स्टॉकहोमच्या ब्रोमा विमानतळावरून दोन इजिप्शियन निर्वासितांना कैरोच्या तुरुंगाकडे नेणारे विमान हेच एन ३७९ पी होते, हे स्वीडिश दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी २००४ मध्ये दाखवून दिले. पुढे विमानाचा क्रमांक बदलण्यात आला. परंतु कारखान्याने दिलेला मूळ अनुक्रमांक बदलत नाही, त्यामुळे नव्या नावाखाली जुने विमान ओळखणे कठीण गेले नाही. मालक म्हणून नोंदलेल्या कंपनीचा शोध घेतला, तर हाती लागले ते संचालकांचे टपालपेटी क्रमांक!

एवढी सामर्थ्यशाली संघटना इतका ढळढळीत माग ठेवून गेली याला कारण आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार सरकारी विमानाला परदेशात उतरण्यासाठी त्या देशाची परवानगी लागते. नागरी विमानाला तुलनेने मोकळीक असते. ही मोकळीक मिळावी म्हणून खासगी कंपन्यांचा बुरखा पांघरण्यात आला. परंतु नागरी वेष घेतला की नागरी नियमही आले : शेपटीवर नोंदणीक्रमांक हवा, उड्डाणाचा आराखडा दाखल करायला हवा, इंधनाची आणि विमानतळ शुल्काची बिले चुकती करायला हवीत. ज्या व्यवस्थेचा गैरफायदा घेतला, तिच्याच कारकुनी नोंदींनी साक्ष दिली. न्यूयॉर्क राज्यातील एका न्यायालयात तर या उड्डाणांचे कंत्राट घेतलेल्या दोन खासगी कंपन्या थकलेल्या बिलांसाठी एकमेकींशी भांडल्या, आणि त्यांचे जाबजबाब व पावत्या २०११ मध्ये जगापुढे आल्या. छळछावणीकडे नेणाऱ्या प्रवासाचाही ताशी दर ठरलेला असतो, हे भांडवलशाहीचे स्वरूप समजून घेऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

अधिकृत निवेदने या काळात काय सांगत होती? छळासाठी अमेरिका कोणालाही कोठे नेत नाही, असे परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस यांनी डिसेंबर २००५ मध्ये जाहीर केले. त्याच महिन्यात ब्रिटिश परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी आपल्या देशाच्या सहभागाचा संशय म्हणजे कटाच्या कल्पना असल्याचे संसदीय समितीला सांगितले. परंतु सप्टेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांना गुप्त तुरुंगांचे अस्तित्व मान्य करावे लागले. फेब्रुवारी २००८ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना संसदेची क्षमा मागावी लागली. कारण हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावर २००२ मध्ये बंदी असलेली अशी दोन विमाने उतरली होती. पोलंडमध्ये वॉर्सासाठी आराखडा दाखल करून प्रत्यक्षात विमान शिमानी येथे उतरविले जात असे. तेथील हवाई वाहतूक संस्थेच्या नोंदी २००९ मध्ये बाहेर आल्या आणि २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पोलंडला दोषी ठरविले.

या साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. विमानाचा क्रमांक आत कोण बसले आहे हे सांगत नाही. एकच भाड्याचे विमान आज कैदी वाहून नेते आणि उद्या एखाद्या धनिकाला सहलीला नेते. केवळ क्रमांकावरून आरोप करणारा हौशी संशोधक निरपराध माणसालाही गोवू शकतो. खालेद अल-मस्री या जर्मन नागरिकाला मॅसेडोनियातून जानेवारी २००४ मध्ये अफगाणिस्तानात नेण्यात आले होते. सुटकेनंतर त्याची कहाणी अविश्वसनीय वाटत होती. त्याने सांगितलेला दिवस आणि स्कोप्येहून निघालेल्या बोइंगची नोंद जुळली, तेव्हा कहाणीला पुराव्याचे बळ आले. पीडिताची साक्ष आणि नोंदवही ही दोन्ही एकमेकांना आधार देतात, तेव्हाच सत्य उभे राहते.

आता ही नोंदवहीच मिटविण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत २०२४ च्या कायद्याने खासगी विमानमालकांना आपले नाव व पत्ता सार्वजनिक नोंदींतून झाकून घेण्याची सोय करून दिली आणि २०२५ मध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली. धनिकांची खासगी सोय आणि सत्तेची गुप्तता यांचे हितसंबंध एक होतात, ते असे. आपल्याकडेही वेगळे घडत नाही. राजस्थानातील मजुरांनी जनसुनवाईत हजेरीपट वाचून दाखविण्याचा आग्रह धरला. त्या चळवळीच्या रेट्यातून २००५ चा माहिती अधिकार कायदा झाला. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने त्यातील व्यक्तिगत माहितीविषयीचे कलम बदलून माहिती नाकारण्याची वाट रुंद केली आहे. हजेरीपटावरील खोटे नाव आणि शेपटीवरील बदललेला क्रमांक यांची जात एकच.

तथापि सत्य उघड झाले की न्याय आपोआप मिळतो, या भ्रमात कोणी राहू नये. अल-मस्रीची याचिका ऐकण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये नकार दिला. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याला साठ हजार युरोंची भरपाई दिली, ती मॅसेडोनियाकडून. हुकूम देणारे मोकळेच राहिले. वही भरणारा छांदिष्ट आपले काम करतो. त्या वहीच्या आधारे जाब विचारण्याचे काम मात्र संघटित जनतेचे आहे. नोंदी खुल्या राहाव्यात यासाठी लढणे आणि त्या नोंदी वाचण्याची सवय कार्यकर्त्यांना लावणे, हा म्हणूनच लोकशाही समाजवादाच्या कार्यक्रमाचा भाग मानला पाहिजे.