गटारातलं झुरळ आणि ओट्यामागचं झुरळ

2003 पर्यंत नागपूरचा एक रेल्वे विभाग दक्षिण-पूर्व रेल्वेत होता आणि तिचं मुख्यालय कोलकात्याच्या गार्डन रीचला. त्यामुळे आमच्याकडची काही कुटुंबं बदलीवर तिकडे राहून आली आहेत. तिथल्या क्वार्टरचा विषय निघाला की पावसाळ्यातल्या झुरळांवर गाडी येतेच.

त्या घरांतल्या बायकांनी उगाच स्वतःला दोष दिला. वस्ती हुगळीच्या काठची, सखल. नदीला भरती आली की शहराच्या नाल्यांची दारं बंद करावी लागतात. नेमका तेव्हाच मोठा पाऊस झाला, तर गटारं तुंबतात आणि आतली झुरळं मोरीच्या भोकातून वर येतात. ही तांबूस, दीड इंचाची, क्वचित अंगावर उडणारी जात म्हणजे अमेरिकन झुरळ. मूळ आफ्रिकेचं; व्यापारी जहाजांतून जगभर गेलं. घरात फवारा मारून ते संपत नाही, कारण त्याचं घर गटार आहे. त्याची वाट अडवायची. मोरीला बारीक भोकांची जाळी बसवा, पाइपाभोवतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा.

ओट्यामागचं झुरळ निराळं. अर्ध्या इंचाचं, फिकट, डोक्यामागे दोन काळ्या रेघा. हे जर्मन झुरळ. किराणाच्या खोक्यातून, गोणपाटातून, जुन्या विकत घेतलेल्या फ्रिजमधून ते आपल्यासोबतच घरात शिरतं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये ते आशियाई झुरळापासून वेगळं झालं. तेव्हापासून त्याने माणसाचं घर धरलं ते धरलंच. रानात ते सापडत नाही.

मला काळजी वाटते ती याची. मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी शेपटाकडे धरून हिंडते आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेतात आल्यावरच ती टाकते. फ्रिजच्या दाराचं रबर जरा ओढून बघा. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले, तर तिथे त्यांचा मुक्काम आहे. त्यांची विष्ठा आणि कातीचा चुरा धुळीत मिसळतो आणि दम्याच्या मुलांना त्याने झटका येऊ शकतो. हे मला सर्वांत गंभीर वाटतं.

इथे फवाऱ्याने उलट नुकसान होतं: उरलेली झुरळं पांगून शेजारच्या खोलीत जातात आणि नेहमीच्या औषधांना ती पुरती सरावलेली असतात. त्यापेक्षा बिजागऱ्यांत, शेगडीमागे, फ्रिजच्या मोटरजवळ जेलचे बारीक ठिपके द्या. खाऊन मेलेलं झुरळ, त्याची विष्ठा बाकीची खातात आणि तीही मरतात. जेलजवळ फवारा मारू नका, नाहीतर ती तिकडे फिरकणारच नाहीत. काही ठिकाणी या झुरळांना ग्लुकोजचाच तिटकारा जडलेला आढळला आहे; जेल खाल्लं जात नसेल तर दुसरं आणा. बोरिक पावडरही चालते, पण कोरडी, अगदी पातळ आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशाच फटीत. रात्री ओटा आणि सिंक कोरडं करा. उपासमार ती बरेच दिवस सोसतात, तहान तेवढी सोसत नाहीत.

एकाच घराने हे केलं तर पाइपाच्या वाटेने शेजारची झुरळं परत येतात. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि सगळ्या स्वयंपाकघरांत एकाच आठवड्यात जेल लावा.