गॅस आला, ओटा कधी?
चिमूर तालुक्यातल्या कोलारा, नवेगावकडे, ताडोबाच्या कडेला, सरपणाला जाणं म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणं. म्हणून या गावांत घरोघरी गॅस पोहोचणं मला फार मोलाचं वाटतं. पण सिलिंडर घरात आला म्हणजे तो नीट बसवला असं नव्हे. बसून स्वयंपाक करायची आपली जुनी सवय. त्यामुळे शेगडी जमिनीवर, सिलिंडर शेजारी आणि हातभरावर पेटती चूल, असंही दिसतं. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत पसरतो आणि थेट निखाऱ्यापर्यंत जातो. म्हणून शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली आणि उभाच. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची. वास आला तर बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, दारं उघडायची, बाहेर येऊन १९०६ वर फोन करायचा. थंडीत मात्र नाकावरही विसंबू नका: बंद खोलीत उबेसाठी ठेवलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, आणि झोपलेल्याला जागही येत नाही. जोडणी देताना एजन्सीनं घरातल्या बाईच्याच हातून रेग्युलेटर लावून-काढून घ्यावा, आणि घरकुलाच्या आराखड्यात ओटा धरावाच.