वेग किती हवा? : कॅमेरा घेण्यापूर्वीचा हिशेब

कोणत्याही मोठ्या खरेदीत एखादा आकडा असा असतो, की जो ग्राहकाच्या डोळ्यांत भरतो आणि बाकीचे आकडे झाकून टाकतो. गृहकर्जात तो व्याजदराचा असतो, मोटारीत मायलेजचा, आणि वन्यजीव छायाचित्रणासाठी घ्यावयाच्या कॅमेऱ्यात तो सलग छायाचित्रे टिपण्याच्या वेगाचा, म्हणजेच ‘बर्स्ट’चा असतो. सेकंदाला दहा फ्रेम, वीस फ्रेम, तीस फ्रेम असे आकडे जाहिरातींत ठळक टाइपात छापलेले असतात. अशा कॅमेऱ्यासाठी वैयक्तिक कर्ज घेणारे किंवा क्रेडिट कार्डावर हप्ते बांधून घेणारे तरुण ग्राहक अलीकडे दिसू लागले आहेत. म्हणून या आकड्याचा अर्थ काय आणि तो किती असला म्हणजे पुरे, याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. माझे मत आरंभीच सांगतो. वेग हवाच, परंतु जो वेग टिकतो आणि ज्या जिवासाठी आपण तो विकत घेतो त्याला जुळतो, तेवढ्याचेच पैसे मोजावेत.

हा विचार तपासून पाहण्यास वाराणसी हे फार सोयीचे ठिकाण आहे. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट ही नावे मराठी यात्रेकरूस परिचित आहेतच. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत याच घाटांसमोर गंगेच्या पात्रावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. नावाडी त्यांना सरसकट ‘सायबेरियन’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांत तपकिरी डोक्याचा कुरवही असतो, आणि त्याची वीण लडाख, तिबेट व मध्य आशियातील सरोवरांकाठी होते. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसणारे कुरव ते हेच. घाटांच्या खांबांवर आणि दोरांवर काळापांढरा कवड्या खंड्या बसलेला असतो. शहरापासून काही अंतरावर कैथी येथे, मार्कंडेय महादेवाच्या मंदिराजवळ, गोमती गंगेस मिळते. त्या संगमाच्या परिसरात गंगेतील डॉल्फिन, म्हणजे येथील लोकांची ‘सूंस’, श्वास घेण्यासाठी वर येते. एकाच नदीवर वेगाच्या तीन निरनिराळ्या परीक्षा होतात त्या अशा.

प्रथम कुरव घेऊ. उडताना तो सेकंदाला साधारण तीन वेळा पंख मारतो. कॅमेरा सेकंदाला पाच फ्रेम टिपत असेल, तर पंखांच्या एका हेलकाव्यास दोन चित्रेही येत नाहीत, आणि पंख पूर्ण उंचावलेला क्षण मिळणे नशिबावर राहते. दहा फ्रेमच्या वेगाला तीन चित्रे येतात, आणि दोन-तीन सेकंदांच्या उड्डाणात मनासारखी मुद्रा सहसा हाती लागते. वीस फ्रेमला सहा-सात चित्रे येतील. निवडीस वाव वाढेल, पण चित्राचा दर्जा दुप्पट होणार नाही. विशेष म्हणजे, एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार करून उडत्या पक्ष्यांची सेकंदाला बारा चित्रे घेतली होती. पक्षी तेव्हाही याच वेगाने उडत होते. बदलले आहेत ते आपल्या अपेक्षांचे आकडे.

कवड्या खंड्याची परीक्षा अधिक कठीण आहे. तो हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सरळ पाण्यात सूर मारतो. पाच मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूस खाली यावयास सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे त्या संपूर्ण सुराची दहा फ्रेमच्या कॅमेऱ्यास फार तर दहा चित्रे मिळतील, आणि चोच पाण्यास टेकण्याच्या क्षणाचे एखादे मिळेल किंवा मिळणारही नाही. येथे वीस फ्रेमचा वेग खरोखरच उपयोगी पडतो. सुंसीच्या बाबतीत मात्र वेगापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे. ती एक-दोन सेकंदच वर दिसते. माणसाच्या डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत पाव सेकंद सहज जातो, आणि तोवर तिची लांब चोच पुन्हा पाण्याखाली गेलेली असते. यावर उपाय म्हणून काही कॅमेरे बटण अर्धे दाबून ठेवले असता चित्रे तात्पुरती साठवत राहतात आणि बटण पूर्ण दाबताच त्याआधीची काही चित्रेही राखून ठेवतात. ऑलिंपसने २०१६ साली आपल्या ‘ई-एम१ मार्क टू’ या कॅमेऱ्यात ही सोय दिली; आता ती इतरही कंपन्या देतात. ज्यास सूंस टिपावयाची आहे, त्याने तीस फ्रेमच्या आकड्यापेक्षा या सोयीची चौकशी आधी करावी.

आता टिकणाऱ्या वेगाकडे वळू. आपल्या शाखेतील कॅश काउंटरचे उदाहरण येथे चपखल बसते. मिनिटास दहा ग्राहक येत असतील आणि रोखपाल तिघांचेच काम करू शकत असेल, तर उरलेले बाकावर बसतात. बाक भरले की दारात खोळंबा होतो. कॅमेऱ्यात बाकाचे काम बफर ही तात्पुरती स्मृती करते आणि रोखपालाचे काम मेमरी कार्ड करते. चोवीस मेगापिक्सेलची एक रॉ फाइल सुमारे २५ मेगाबाइटची धरली, तर दहा फ्रेमच्या वेगाने सेकंदाला २५० मेगाबाइट आत येतात. साध्या यूएचएस-वन प्रकारच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट असते, आणि प्रत्यक्ष लेखन त्याहूनही मंद चालते. बफर भरला की कॅमेरा अडखळू लागतो, आणि नेमका त्याच वेळी पक्षी समोर येतो. फिल्मच्या काळात ही मर्यादा तरी उघड होती. निकॉनचा १९९६ चा एफ५ सेकंदाला आठ चित्रे घेई, म्हणजे छत्तीस चित्रांचा रोल साडेचार सेकंदांत संपे. आज ती मर्यादा माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत दडलेली असते. निकॉनच्याच २०१६ च्या डी५०० चा वेग दहा फ्रेमचा होता, पण योग्य कार्ड घातल्यास तो सलग दोनशे रॉ चित्रे घेऊ शके. आज त्याचे उत्पादन होत नाही. तरी चांगल्या स्थितीतील जुना डी५०० आजही पक्षिप्रेमींना पुरेसा वाटतो, तो याच कारणाने.

वेगाच्या आकड्यास आणखी दोन अटी असतात. काही कॅमेऱ्यांत कमाल वेग केवळ इलेक्ट्रॉनिक शटरवर मिळतो. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. ते वाचन मंद असेल, तर फडफडणारे पंख चित्रात वाकडे येतात. महागड्या कॅमेऱ्यांनी ही अडचण दूर केली आहे. सोनीचा २०२३ मध्ये जाहीर झालेला ए९ थ्री संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचतो आणि सेकंदाला १२० चित्रे घेतो. परंतु तो व्यावसायिकांच्या खिशाचा मामला आहे. दुसरी अट प्रकाशाची. सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणारा कुरव १/२५० सेकंदात चार सेंटिमीटर सरकतो, तर १/२००० सेकंदात केवळ पाच मिलिमीटर. जानेवारीच्या धुक्यात गंगेवर इतका अल्प अवधी वापरावयाचा, तर लेन्स भरपूर प्रकाश आत घेणारी हवी आणि फोकस पक्ष्यास न सोडणारा हवा. हे नसेल, तर वेगवान कॅमेरा सेकंदाला वीस अस्पष्ट चित्रे देईल, इतकेच.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास घसारा ही संकल्पना पहिल्याच वर्षी शिकविली जाते. कॅमेऱ्याच्या बॉडीवर घसारा झपाट्याने लागतो, कारण दोन-तीन वर्षांत नवे मॉडेल येते. चांगली लेन्स मात्र अनेक वर्षे साथ देते. म्हणून माझे मत असे, की घाटावरील पक्ष्यांसाठी आठ ते दहा फ्रेमचा, किमान तीन-चार सेकंद टिकणारा वेग पुरेसा धरावा आणि उरलेली रक्कम लेन्स व उत्तम कार्ड यांवर खर्च करावी. ज्यांचे लक्ष चंद्रप्रभा अभयारण्यातील चितळांसारख्या संथ चरणाऱ्या प्राण्यांवर आहे, त्यांना याहून कमी वेगही चालेल. खरेदीपूर्वी दुकानातच रॉ पद्धत निवडून, आपण वापरणार तेच कार्ड घालून बटण दाबून धरावे आणि कितव्या सेकंदाला कॅमेरा अडखळतो ते घड्याळ लावून मोजावे. एका सकाळी दोन हजार चित्रे घेतली, तर पन्नास गिगाबाइट जागा भरते आणि ती चाळण्यात रविवार जातो, हाही खर्च हिशेबात धरावा. हप्ता किती बसतो हे सर्वांत शेवटी पाहावे, सर्वांत आधी नव्हे.

एक गोष्ट मात्र पैशाच्या हिशेबात बसत नाही. वेगवान कॅमेऱ्यास सतत हालचाल लागते, आणि ती निर्माण करण्यासाठी बोटीवरून शेव फेकून कुरवांचा थवा अंगावर ओढून घेतला जातो. तळलेले, खारट खाणे हा या पक्ष्यांचा आहार नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने येथील जिल्हा प्रशासनाने बोटीवरून पक्ष्यांना खाऊ घालण्यास मनाई केली होती. ती साथीपुरती असली, तरी त्यातील शहाणपण कायमचे आहे. सूंस हा तर २००९ साली घोषित झालेला आपला राष्ट्रीय जलचर प्राणी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. तिच्यामागे यांत्रिक होडी पिटाळून मिळविलेली शंभर चित्रे आणि होडी बंद करून, ती कोठे वर येते ते तासभर पाहून मिळविलेली तीन चित्रे यांत दुसरीचे मोल अधिक आहे, असे मला वाटते. ज्याने पक्ष्याची सवय ओळखली, त्यास बटण केव्हा दाबावयाचे ते कळते, आणि त्याचे काम कमी वेगातही होते.

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात जे ग्राहक कॅमेरा घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी आधी ओळखीच्या कोणाचा किंवा भाड्याचा कॅमेरा घेऊन एक सकाळ नदीकाठी, तलावाकाठी काढावी. आपला पक्षी कोणता, तो किती वेळ समोर राहतो आणि आपल्या किती फ्रेम खरोखर कामी आल्या, हे टिपून ठेवावे. तो कागद हाती असला, म्हणजे दुकानदाराशी आणि कर्ज अधिकाऱ्याशीही बोलणे सोपे जाते.

(लेखक बँकेच्या वाराणसी येथील शाखेत अधिकारी आहेत. लेखातील मते त्यांची वैयक्तिक आहेत.)