तागे मोजतो, परवाने कोण मोजणार?

गोदामात एक तागा कमी भरला, तर आपल्या पेढ्यांवर मुनीम दिवे लावून बसतो. मात्र दुकानातील पाच संगणकांवर कोणते सॉफ्टवेअर आहे, त्याचा परवाना किती जणांचा आणि कोणाच्या नावावर, असे विचारले की "संगणकवाल्याला ठाऊक" एवढेच उत्तर मिळते. हा हिशेब मालकानेच ठेवावा, असे आमचे मत आहे.

सॉफ्टवेअर ताग्यासारखे विकत मिळत नाही. मिळते ती वापरण्याची परवानगी, आणि प्रत्येक कंपनीची अट निराळी. टॅलीचा सिल्व्हर परवाना एकाच संगणकापुरता. दुकानातील सर्व संगणकांवर एकदम चालवायची तर गोल्ड घ्यावा लागतो. नव्या संगणकासोबत आलेली विंडोज बहुधा त्या संगणकाचीच असते. तो भंगारात गेला की तिचा हक्कही गेला. जॅकार्डची नक्षी काढणाऱ्या काही सॉफ्टवेअरना डोंगल लागतो. काही ठिकाणी तर दहा कारागिरांत चार परवाने फिरते ठेवता येतात. एक यंत्र मोजणी करते, पाचव्याला थांबावे लागते, आणि कोणी काम बंद केले की त्याची पाळी येते. ही सोय खर्च वाचवणारी आहे, पण ती विचारतो कोण?

खरा घोटाळा होतो तो वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एका जाळ्यात जोडला की. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचे पैसे भरले म्हणजे सुटलो, असे नाही. त्याचा वापर करणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा प्रत्येक यंत्राचा वेगळा परवाना लागतो, मग ते यंत्र फुकटच्या लिनक्सवर चालणारे का असेना!

"सगळेच नकली वापरतात" हे आम्ही पेठेत रोज ऐकतो. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-बी १९९५ पासून लागू आहे. नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते. ही सवलत आपल्या दुकानांना कशी मिळणार?

पैसे वाचवायचे असतील तर सरळ वाट आहे. पत्रे आणि दरपत्रके लिब्रेऑफिसवर उत्तम होतात; ते फुकट आहे आणि कायदेशीरही. टॅली विंडोजसाठी बनते, म्हणून तेवढे संगणक विंडोजचे ठेवावेत.

व्यापारी बांधवांनी एक साधी वही घालावी. संगणक कोणता, सॉफ्टवेअर कोणते, परवाना क्रमांक, किती जणांचा, मुदत कधी संपते. परवान्याची नोंदणी पेढीच्या ईमेलवर असावी, संगणकवाल्याच्या नव्हे. तो शहर सोडून गेला की किल्ली त्याच्याकडेच राहते. आणि बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर मागून घ्यावे, नाहीतर इनपुट क्रेडिटही हातचे जाते.