लूमवरचा सुपरमॅन

उधना-लिंबायतच्या लूमचा खडखडाट आपल्यातल्या कित्येकांनी लहानपणापासून ऐकलाय. नाशिक जिल्ह्यातलं मालेगावही तसंच. तिथल्या नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला, हॉलिवूडची थट्टा, पण प्रेमाने केलेली. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमाग कामगार, अंगाने अगदी काडी! हिरव्या कापडापुढे आडवा धरून त्याला 'उडवलं'. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला, तरी मंडळी हटली नाहीत. ही सगळी धडपड फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात आहे. मुलांनो, रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' (२०२५) नंतर बघा, आधी हा. त्यातला शफीक खरा आहे. २०११ मध्ये तो कर्करोगाने गेला.