गॅस आहे, पण भाकरी कुठे होते?

आपल्या ऑफिसात एक ठरलेला संवाद असतो. "मिसेस कुठे आहेत सध्या?" "माहेरी, डिलिव्हरीसाठी." मग समोरचा हमखास म्हणतो, "बरं झालं, पुण्याच्या धुरातून सुटल्या. गावची हवा चांगली!"

मंडळी, माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

माहेर समजा नरसी नामदेव. नामदेव महाराजांचं गाव, कयाधूचा काठ, आजूबाजूला हळद, तूर, सोयाबीन. ट्रॅफिक जॅम म्हणाल तर फक्त परतवारीच्या एकादशीला :) बाहेरची हवा खरंच बरी. पण घरातली? सिलिंडर बऱ्याच घरांत असतो, तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकऱ्या चुलीवर, आंघोळीचं पाणी चुलीवर. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या रानातून फुकट येतात, सिलिंडरला रोख पैसे लागतात. माहेरी आलेल्या लेकीला आई चुलीपाशी बसू देत नाही, हे खरं. पण मग चुलीपाशी वहिनी बसते. आणि तीही पोटुशी असेल तर?

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त ताकदीने चिकटतो, आणि वार ओलांडून बाळाच्या रक्तातही जातो. म्हणजे बाळाच्या वाट्याचा ऑक्सिजन कमी. काजळीचे बारीक कण वारेत बाळाच्या बाजूपर्यंत पोचलेले बेल्जियमच्या संशोधकांनी 2019 साली दाखवले. अहमदाबादच्या 1991 च्या अभ्यासात तर चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांत मृत मूल जन्मण्याचा धोका सुमारे दीडपट आढळला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग गॅस द्या, प्रश्न मिटला. इतकं सोपं नाही. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे सुमारे 3,200 गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या जणींना शेगडी आणि सिलिंडर मोफत. 2022 साली निकाल आले: धूर खूप कमी झाला, पण बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. यावरून "चूल चालू द्या" असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. बाळाचं वजन आईच्या आहारावर, रक्तावरही अवलंबून असतं. शिवाय त्या बायकांना गॅस मिळाला तो दिवस गेल्यानंतर, काहींना तर पाचव्या महिन्याच्या सुमारास. माझा अर्थ एवढाच, की धूर लग्नानंतर लगेच कमी व्हायला हवा, सातव्या महिन्याच्या ओटीभरणानंतर नव्हे.

उज्ज्वला योजना 2016 साली सुरू झाली, कनेक्शनं घरोघर पोचली. पण आपण सॉफ्टवेअरवाले जाणतो, "गॅस आहे का? हो/नाही" ही एक फील्ड भरली म्हणजे वापर कळत नाही. खरे प्रश्न दोन: भाकरी कुठे होते? पाणी कुठे तापतं?

आणि बाळंतपणानंतरचं तर विचारूच नका. दारं-खिडक्या बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर बाळाला धुरी. नऊ महिने जे टाळायचं तेच चार दिवसांच्या जिवाला कोंडून द्यायचं! आजीची माया खरी आहे, पण बंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड माया ओळखत नाही. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या की.

आपण डॉक्टर, सोनोग्राफी, बाळाच्या कपड्यांवर किती खर्च करतो ते सांगायला नको. त्यात सासरच्या घरचे वर्षभराचे सिलिंडर बसवणं फार अवघड नाही. पाण्याची चूल परसात, उघड्यावर न्या. आणि हे फक्त आपल्या बायकोसाठी नको. वहिनी तिथेच राहते, बारा महिने.